डाव्या मडगार्डवरचा माणूस

मागं सरकत येणाऱ्या टेम्पोच्या फळकुटानं बलभीम गायसमुद्रेच्या पाठीला नुसता स्पर्श केला, तेवढंच. उस्मानाबादच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलाबाहेर तो चहाची बशी ओठाला लावून उभा होता. मुरूमची गाडी लागायला वेळ होता. टेम्पोचा क्लीनर ‘आने दो, आने दो’ करत पत्र्यावर थापा मारत होता आणि ते ‘आने दो’ याच्या पाठीशी येऊन थांबलं. बशीतला चहा बुशशर्टावर सांडला. खरचटलं नाही, मुका मार नाही, काही नाही. पण भोवती माणसं जमली, कारण सकाळच्या पारी स्टँडवर माणसांना दुसरा उद्योग नसतो. “साहेब रस्त्यातच उभे होते,” पानवाला म्हणाला. “कुठं रस्त्यात? पायरीवर होते की! मी काय आंधळा हाय का?” हॉटेलवाला म्हणाला. दोघांची जुंपली. एक म्हणे रस्त्यात, दुसरा म्हणे पायरीवर, क्लीनर म्हणे हा माणूस पळत मधे आला. आणि गंमत बघा, ज्याच्या उभं राहण्यावरून हे भांडण चाललं होतं तो तिथंच उभा होता, धडधाकट, तोंडात जीभ असलेला. पण त्याला कुणी विचारीना. त्यानं आपल्या पायांकडं बघितलं. एक पायरीवर होता, एक रस्त्यात. धक्का बसला तेव्हा ते कुठं होते, हे आठवायला गेला तर त्यालाही ते धड सांगता येईना. तो घाबरला. धक्क्याला नाही, या सांगता न येण्याला घाबरला.

तसं पाहिलं तर अपघात म्हणजे त्याची रोजची भाकरी. विमा कंपनीच्या उस्मानाबाद शाखेत मोटारींचे क्लेम बघायचं काम त्याच्याकडं होतं. कुठं जीप बाभळीला धडकली, कुठं ट्रक पुलावरून खाली गेला, की शाखेचे मॅनेजर कल्याणप्पा ‘गायसमुद्रे, निघा’ म्हणायचे, आणि हा पिशवीत टेप, कॅमेरा आणि टॉवेल कोंबून निघायचा. तो पोचायचा तोवर रडणारे रडून दमलेले असायचे, पोलिसांचा पंचनामा उरकलेला असायचा आणि रस्त्यावरच्या काचा पोरांनी वेचून नेलेल्या असायच्या. मेलेलं माणूस त्यानं कधी बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल. त्याला दिसायचा चेपलेला पत्रा, वाकलेला ॲक्सल, फुटलेला रेडिएटर. माणसांच्या बोलण्यापेक्षा त्याला ते बरं वाटायचं. हाफिसातले लोक त्याला ‘थंड माणूस’ म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट आतून थोडं बरंच वाटायचं. थंड राहायला कुणाकुणाला किती वर्षं घासावं लागतं, हे त्या लोकांना काय ठाऊक!

गाडी लागली. खिडकीतून टॉवेल टाकून त्यानं जागा धरली आणि बसला. एसटीत तो उभा राहत नसे. मुरूमला एका व्यापाऱ्याच्या जीपचा दिवा फुटला होता, तो बघायचा होता. अगदीच किरकोळ काम. तुळजापूर मागं पडलं. खिडकीतून ऊन मांडीवर आलं. पाठीला जिथं फळकूट लागलं होतं, तिथं कुणी तळहात टेकवून ठेवलाय असं त्याला वाटत राहिलं, दुखत मात्र नव्हतं. मेलो असतो तर, त्याच्या मनात आलं, पानवाल्याचं खरं झालं असतं की हॉटेलवाल्याचं? दोघांपैकी ज्याचा आवाज मोठा त्याचं. आपल्या जागी दुसरा कुणी थंड माणूस टेप घेऊन आला असता, त्यानं दोघांचं ऐकून घेतलं असतं आणि कागदावर आपल्याला एका जागी उभं केलं असतं. आणि मग आपण तिथंच उभे होतो. कायमचे. इथवर आला आणि नेहमी जिथं यायचा तिथंच आला. लिंबाजीपाशी. नळदुर्गच्या पुढं हमरस्त्याला बोरतळचा फाटा लागतो, हे त्याला सकाळी गाडीत बसतानाच माहीत होतं. पण आपण उतरणार आहोत, हे अजून त्यानं स्वतःला सांगितलं नव्हतं.

बोरतळचा तो रस्ता बहात्तरच्या दुष्काळातला. सुकडी खाऊन आणि खडी फोडून माणसांनी तो केला. लिंबाजी होता त्यात, त्याची बायको मथुराबाई होती, अर्धं गाव होतं. पुढं तलाव झाला, ऊस आला, कारखान्याचे शेअर आले, सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज आलं, आणि त्या कर्जावर आबारावांच्या दारात ट्रॅक्टर आला. बँक म्हणाली विमा पाहिजे, तर विमा आला. बलभीमला ही सगळी साखळी तोंडपाठ होती, कारण तिचं शेवटचं टोक त्याच्या टेबलावर यायचं. दोन वर्षांमागच्या गळिताच्या हंगामात ते टोक असं आलं होतं: उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडून लिंबाजी, राहणार भीमनगर, बोरतळ, हा जागीच मयत. कल्याणप्पा म्हणाले होते, “गायसमुद्रे, एवढंच बघून या. माणूस रस्त्यानं चालत होता की ट्रॅक्टरवर बसलेला होता? चालत असला तर आपण देणं लागतो. बसलेला असला तर नाही.” असा तो कायदा होता. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर सोडून कुणी बसायचं नाही. बसला आणि पडून मेला, तर कंपनी हात वर करणार, मालकाचं मालक बघून घेईल. तोच माणूस रस्त्याच्या कडेनं चालताना चाकाखाली आला, तर तो तिऱ्हाईत, त्याच्या बायकापोरांना भरपाई. कायदा सोपा होता आणि बलभीमला तो तोवर कधी विचित्र वाटला नव्हता.

आबारावांनी बाजेवर सतरंजी टाकून त्याला बसवलं होतं. “गायसमुद्रे म्हणजे कुठलं गाव तुमचं?” त्यांनी विचारलं. गाव ऐकल्यावर “बरं बरं” म्हणाले आणि आत चहा सांगितला. आबारावांचा चहा कपबशीत आला, याचा काचेच्या ग्लासात. वाईट माणूस नव्हता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. काचेचा ग्लास त्यांना दिसतही नसावा. “साहेब, लिंबाजी चांगला माणूस हुता. रस्त्यानं चालत हुता, मागच्या चाकात आला,” ते म्हणाले. ड्रायव्हर गोरोबा म्हणाला, “रस्त्यानं चालत हुता, मागच्या चाकात आला.” शेजारचा एक म्हातारा, ज्यानं त्या दिवशी रानाचं तोंडही बघितलं नसेल, तोही म्हणाला, “चालत हुता की रस्त्यानं. मागच्या चाकात आला.” एका शब्दाचा फरक नाही. शाळेत पाढे म्हणवून घ्यावेत तसं कुणीतरी सगळ्यांकडून ते घोकून घेतलं होतं. बलभीमनं मान हलवली आणि ट्रॅक्टर बघायला उठला. ट्रॅक्टर गोठ्यापुढं उभा होता, धुऊन लख्ख केलेला. रक्ताचा थेंब नाही, मातीचा कण नाही. जागेवरून हलवू नका, धुऊ नका, हे विम्याच्या कागदावर छापलेलं असतं, पण माणूस घेतलेली गाडी न धुता दारात कोण आणणार? गोमूत्र शिंपडलेलं होतं, रेडिएटरला लिंबू-मिरची बांधली होती. पुढच्या चाकांना काही नव्हतं. मागच्या चाकालाही काही नव्हतं. मात्र डाव्या मडगार्डवर, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला येणाऱ्या त्या पत्र्यावर, हळदीकुंकवाचा सडा पडलेला होता आणि नारळाच्या पाण्याचा डाग वाळून पांढरा झाला होता.

“नारळ कुणी फोडला?” त्यानं सहज विचारलं. “आमच्या आईनं,” आबाराव म्हणाले. “जिथनं माणूस गेला तिथंच फोडावा लागतोय, साहेब. न्हाईतर गाडी पुन्ना माणूस मागती.” बोलून गेले बिचारे. त्यांना कळलंही नाही की आपण काय बोललो, आणि गोरोबालाही कळलं नाही. सगळ्या गावाला एक वाक्य पढवणाऱ्याला म्हातारीला काही पढवायचं सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी म्हातारीनं ऐकलं नसतं. कोर्टाला फसवता येतं. गाडीला कसं फसवणार? रस्त्यानं चालणारा माणूस असता तर नारळ चाकावर फुटला असता. बलभीम त्या मडगार्डकडं बघत राहिला. आणि, खरं सांगायचं तर, त्याला आनंद झाला. एक माणूस मेलेला, घरात सुतक, आणि या थंड माणसाच्या छातीत काहीतरी उड्या मारायला लागलं. बसला होता! भीमनगरातला लिंबाजी आबारावांच्या ट्रॅक्टरवर, मालकाच्या पोरानं बसायच्या जागी, ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसला होता! मग त्याला लाज वाटली आणि त्यानं कॅमेरा काढला. फोटो त्यानं उजव्या बाजूनं घेतले. डाव्या बाजूला सूर्य समोर येतो, असं त्यानं गोरोबाला सांगितलं. सूर्य डोक्यावर होता.

बलभीमचा बाप गावची वेस राखणारा येसकर होता. छप्पन सालाआधीची गोष्ट. देशमुखांची बैलांची धमणी नळदुर्गच्या बाजाराला निघाली की बाप तिच्या मागून चालायचा, मागचा दांडा धरून. एकदा बलभीम बरोबर होता. फुफाटा असा तापलेला की पाय ठेववेना, आणि तो रडायला लागला. गाडीवान दयाळू होता. “पोराला तरी बसीव मागं, किती भाजतंय त्याला,” तो म्हणाला. बापानं उचलून मागच्या फळीवर बसवलं. फळी गरम होती, तरी पायांखालून जमीन आपोआप मागं जात होती, आणि बाप एकाएकी खाली, ठेंगणा दिसायला लागला होता. हे किती वेळ? पुढनं कुणीतरी घोड्यावरून येताना दिसलं तेवढ्यात बापानं त्याला बगलेत धरून खाली उतरवलं. रागानं नाही, घाईनं. पुढं बापानं येसकरकी सोडली, दीक्षा घेतली, घरात बाबासाहेबांचा फोटो लावला, पोराला शिकवलं. पण एसटीत जागा रिकामी असली तरी बाप उभाच राहायचा. “बसलं की पाय आकडत्यात माजं,” म्हणायचा. मरेपर्यंत उभा. बलभीमला या गोष्टीचा संताप यायचा, बापाचा यायचा, आणि बाप गेल्यावर तो संताप कुणावर काढावा हे कळेनासं झालं. तो मग अगदी थंड झाला.

भीमनगरात तो गेला तेव्हा मथुराबाई भिंतीला टेकून बसली होती. दोन पोरी तिच्या अंगाला अंग लावून. दीर दगडोबा पुढं आला, ‘जयभीम’ म्हणाला, आणि बसायच्या आत सुरू झाला, “साहेब, भाऊ रस्त्यानं चालत हुता, मागच्या चाका…” “कोण म्हनतंय चालत हुते?” मथुराबाई भिंतीकडून म्हणाली. आवाज बसलेला होता, पण स्पष्ट होता. “बसल्याले हुते ते.” “वैनी, गप की!” “का म्हून गप बसू? म्या सोता बघितलं. आबारावाचा पोरगा त्या दिशी न्हवता. गोरोबा म्हनला, ये लिंबाजी, वर बस, किती पळतूस मागनं. बसले. म्या बांधावर उसाचं वाढं गोळा करीत हुते. माज्या समूरनं गाडी गेली. वरनं हाळी मारली, ‘मथुरे, बघ की!’ अन् हासले. लई हासले, दादा. मग फुडं मोरीच्या वळणावर चाक खाली उतारलं…” ती तिथं थांबली. दगडोबा कपाळावर हात मारून बाहेर जाऊन उभा राहिला.

बलभीमनं लिहायचं पेन खिशात ठेवलं आणि विचारायला लागला. कामाचे प्रश्न नव्हते ते. कसे बसले होते? हात कुठं होते? पाय? मथुराबाईला त्याचं नवल वाटलं नाही. एक हात दिव्याच्या दांडीला धरलेला, ती म्हणाली. एक पाय मुडपून घेतलेला, एक खाली सोडलेला. टोपी काढून मांडीवर ठेवली होती, वाऱ्यानं उडेल म्हणून. अवघडून बसले होते का? छे! जल्मापासनं तिथंच बसत असल्यासारखे. ती सांगत होती आणि बलभीमला ते सगळं दिसत होतं, मोरीच्या आधीच्या त्या सरळ रस्त्यावर, उसाच्या दोन ट्रॉल्या मागं आणि वर टोपी मांडीवर घेतलेला माणूस. त्याला वाटलं, ही बाई अशीच सांगत राहावी. मग पलीकडं पोरगी खोकली आणि त्याला आपण कोण आहोत ते आठवलं. त्यानं सांगितलं. बसले होते म्हटलं तर काही मिळणार नाही. चालत होते म्हटलं तर भरपाई. उद्या कोर्ट विचारील, तेव्हा चालत होते म्हणा. मी कंपनीचा माणूस आहे, मी हे सांगायला नको, पण सांगतो.

“म्हंजी चालत मेलं तर पैसं, अन् बसून मेलं तर काय बी न्हाय?” मथुराबाईनं विचारलं. “हो.” “ह्यो कसला कायदा, दादा?” बलभीमनं खिशातल्या पेनाचं टोपण चाचपलं. “जल्मभर चाललं ते माणूस,” ती म्हणाली. “आबारावाच्या औतामागं, गाडीमागं, खडीच्या पाट्या घेऊन. एक डाव बसलं. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या की त्याला. रस्त्यात कुत्रं मरावं तसं मेला म्हनून सांगू व्हय म्या, पोरींला?” “पोरींच्या तोंडाकडं बघून सांगा,” बलभीम म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच कुणा वकिलासारखा वाटला. “मथुराबाई, मला माहीत आहे ते बसले होते. मी विसरणार नाही. पण तुम्ही चालत होते म्हणा.” ती त्याच्याकडं बघत राहिली, रागानं नाही, कुणी चांगला वाटणारा माणूस शेवटी काय मागायला आला होता ते कळल्यावर बघतात तशी. मग तिनं धाकटीच्या डोक्यावर आलेला आपल्या पदराचा शेव सारखा केला. बाहेर पडताना बलभीमच्या मनात आलं, आपण आत्ता लिंबाजीला बगलेत धरून खाली उतरवलं.

अहवालात त्यानं साक्षीदारांचं म्हणणं लिहिलं, सगळ्यांचं एकच होतं, त्याला तो काय करणार. मथुराबाईचं म्हणणं घेतलं नाही, ती दुःखात होती. कल्याणप्पांनी चष्म्यावरून बघितलं. “मडगार्डचा फोटो नाही दिसत.” “ऊन समोर होतं साहेब.” “हं,” ते म्हणाले आणि सही केली. त्यांना कळलं होतं की नाही, ते त्यांचं त्यांनाच माहीत. दावा उस्मानाबादच्या कोर्टात उभा राहिला, तारखा पडत गेल्या, आणि एका तारखेला मथुराबाईला पिंजऱ्यात बोलावलं. बलभीम मागच्या बाकावर होता. कंपनीच्या वकिलानं, म्हणजे याच्याच बाजूच्या वकिलानं, विचारलं, “बाई, तुमचा नवरा ट्रॅक्टरवर बसलेला होता, हे खरं की नाही?” कोर्टातला पंखा कुरकुरत होता. आपल्याला काय ऐकायचंय, हे बलभीमला त्या क्षणी कळेना. पोरींना मिळावं असं वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. आणि तरी आतून कुणीतरी म्हणत होतं, बाई, एकदा तरी खरं बोल, सगळ्यांसमोर बोल, जज्जासमोर बोल. “न्हाय,” मथुराबाई म्हणाली. “चालत हुते.” वकिलानं पुन्हा विचारलं. “चालत हुते, रस्त्याच्या कडंनं.” दावा मंजूर झाला. कंपनी हरली, आणि कंपनीचा माणूस बाहेर येऊन पानाच्या टपरीमागं उभा राहिला, कारण त्याला कुणी आपला चेहरा बघायला नको होता.

आता फाटा आला आणि तो उतरला. कंडक्टर म्हणाला, “साहेब, मुरूमचं तिकीट हाय तुमचं.” “असू दे.” एसटी निघून गेली. तो बोरतळच्या रस्त्याला लागला आणि चालताना त्याला बरं वाटलं, सकाळपासून पहिल्यांदा. दोन वर्षांत त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. पण रात्री-बेरात्री नव्हे, अगदी भर दुपारी, टेबलावर काम करताना तो माणूस त्याला दिसायचा, टोपी मांडीवर घेतलेला. आणि आज त्या टेम्पोनं त्याला भलतीच धास्ती घातली होती. आपण मेलो तर? गोरोबा काही बोलणार नाही, आबाराव नाही, दगडोबा नाही, कागदावर तर लिंबाजी चालतच होता. राहिले दोघं, ती आणि हा. एकदा तिच्या तोंडून ऐकावं, एवढंच. कोर्ट संपलं, पैसे मिळाले, आता कुणाची भीती? एकदा ती म्हणाली की बसले होते, की झालं. मग मुरूमला जाऊन त्या जीपचा दिवा बघता येईल. मोरीवरून जाताना त्यानं बाजूला बघितलं नाही.

भीमनगरात मथुराबाईचं घर सापडायला वेळ लागला, कारण वर नवे पत्रे पडले होते. ती दारात ज्वारी पाखडत होती. मळ्यावर जाणाऱ्या कुणाशीतरी बोलत होती, हसतही होती थोडीशी. त्याला बघितलं आणि सूप खाली ठेवून उभी राहिली. ओळखलं, लगेच ओळखलं. “जयभीम, मथुराबाई,” तो म्हणाला. “जयभीम, साहेब,” ती म्हणाली. “कशापायी येनं केलं? काय राह्यलं का कागदाचं?” “कागद काही नाही. असाच आलो.” “असंच कोन येतंय, साहेब,” ती म्हणाली आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. त्यानं बसायचं म्हटलं, तिनं पोतं टाकलं. पोरी शाळेत होत्या. थोरलीचं पुढच्या साली लग्न करायचं चाललंय, ती म्हणाली, आणि म्हणताना घाबरल्यासारखी झाली, जणू काही हा ते पैसे परत मागायला आलाय. बलभीमला ते दिसलं. दिसलं आणि तरी तो बोललाच. “मथुराबाई, त्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं. ते बसले होते म्हणून. डाव्या हाताला.”

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही. “न्हाय,” ती म्हणाली. “चालत हुते.” “मी लिहून घेत नाही. बघा, पेनसुद्धा काढलं नाही. तुम्हाला काही होणार नाही, शपथ घेऊन सांगतो. केस मिटली आहे. मला फक्त…” फक्त काय? “तुम्ही सांगितलं होतं, पाय मुडपून बसले होते. टोपी मांडीवर होती.” “टोपी डोस्क्यावर हुती, साहेब. चालत हुते. रस्त्याच्या कडंकडंनं. म्या बांधावर हुते. माज्या समूरनं गेले. मागं वळून बगितलं, हाळी मारली, हासले. लई हासले. अन् मग फुडं मोरीपशी मागच्या चाकात आले.” ती हे पाठ केल्यासारखं बोलत नव्हती. तेच त्याच्या अंगावर आलं. गावानं पढवलेलं एक वाक्य तेवढं आत होतं, बाकी सगळं तिचं होतं, डोळे भरून येत होते तेही तिथंच, हसण्याच्या जागी. त्याला कळेना. ही आपल्याला घाबरून बोलतेय, की हिला आता असंच दिसतंय? पोरींना सांगून सांगून, झोपताना, उठताना, सोयऱ्यांना, शेजारणींना? तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला, पत्र्याकडं बघायचा तसा, कुठं चेपलंय ते शोधत. काही सापडेना.

“काय हाळी मारली होती?” त्यानं विचारलं.

“‘मथुरे, बघ की!’ म्हनले.”

“चालत असताना? मथुराबाई, रोज चालणारा माणूस त्या दिवशी तुम्हाला ‘बघ की’ का म्हणाला? काय बघ?”

मथुराबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग त्याच्या खांद्यावरून पलीकडं, गल्ली संपून रस्ता लागतो तिकडं बघितलं, आणि बराच वेळ तिकडंच बघत राहिली, काहीतरी यायची वाट बघावी तशी. तिचे ओठ एकदा हलले.

“काय बघ म्हनले,” ती म्हणाली, “ते आता ध्येनात न्हाय, साहेब.”